पहिला डाव देवाचा

कार्तिक पौर्णिमा, दिवेलागणीची वेळ. हिशेब असा: माझे एकवीस डाव, ताईचे वीस. हजर तिघं: मी, माझी थोरली बहीण कुसुमताई आणि माझी बायको वंदना. वंदना मेथी निवडत बसली होती आणि खेळाकडं आपलं लक्ष नाही असं दाखवत होती. अट आधीच ठरलेली होती. पुनवेपर्यंत ज्याचे डाव जास्त होतील, त्याचं दुसऱ्यानं ऐकायचं. माझं म्हणणं होतं की ताईनं आता कायमचं आमच्याकडं, बालाघाटलाच राहावं. ताईचं म्हणणं होतं की तिला कटंगीला, तिच्या घरी सोडून यावं.

ही मागच्या वर्षीची गोष्ट.

यंदाही कार्तिक आला आहे. वैनगंगेच्या पुलापलीकडं धान कापणीला लागलं आहे. ऑफिसातून घरी येताना त्या ओलसर, गोडसर पेंढ्याचा वास नाकात शिरतो आणि कपड्यांच्या आत भुशाचे कण जाऊन मान खाजते. मी एका सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेत आहे. दिवसभर आकड्यांच्या बेरजा तपासून डोळे जड होतात. घरी आलो की कोणाशी फार बोलावंसं वाटत नाही. परवा अशाच एका संध्याकाळी कपाटातून तो हातात धरायचा इलेक्ट्रॉनिक खेळ काढला. बॅटरी पार उतरलेली होती. चार्जिंगला लावला, बऱ्याच वेळानं पडदा उजळला आणि पहिल्यांदा दिसली ती तीन चौकोनांची पाटी. मागच्या वर्षीचे आकडे तिच्या कोपऱ्यात अजून तसेच होते. मी पत्त्यांचा एकट्यानं खेळायचा डाव लावला, अर्धवट सोडला आणि खेळ परत ठेवून दिला.

ताईला अर्धांगाचा झटका आला तो मागच्या वर्षीच्या श्रावणात. ती कटंगीला एकटी राहते. भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. तिथल्याच शाळेत शिकवून ती निवृत्त झाली आणि तिथंच राहिली. शेजारणीनं फोन केला. आम्ही तिला गोंदियाला नेलं. जीव वाचला, बोलणं थोड्याच दिवसांत ताळ्यावर आलं, पाय ओढत का होईना चालू लागला. उजवा हात मात्र लुळा राहिला. आणि आम्ही तिला बालाघाटला, आमच्या तीन खोल्यांत घेऊन आलो.

घरात आजारी माणूस असलं की दिवसाची लांबी बदलते. सकाळी मोहाच्या बियांचं तेल कोमट करून तिचा हात चोळायचा, मग माझी अंघोळ, मग तिची गोळी, मग ऑफिस. संध्याकाळी पुन्हा तेल. त्या तेलाचा वास माझ्या शर्टाच्या बाह्यांना, डब्याच्या झाकणाला, ऑफिसच्या पेनालासुद्धा लागला होता. वंदनाचे गुडघे तेव्हाच दुखायला लागले. ती फक्त स्टूल घेऊन स्वयंपाक करायला लागली. तिघंही दमलेले होतो, आणि दमलेली माणसं एकमेकांशी फार जपून बोलतात. त्या जपून बोलण्यानंच आणखी दमायला व्हायचं.

व्यायाम शिकवणाऱ्या मुलानं ताईला दाबायला स्पंजचा चेंडू दिला होता. दोन दिवस तिनं तो दाबला, तिसऱ्या दिवशी उशीखाली सारला. म्हणाली, मी काही रांगतं लेकरू नाही. मग मी पत्ते काढले. आमच्या घरात पत्ते सगळ्यांनाच येतात. पण पत्ते हातात पंख्यासारखे धरावे लागतात, आणि तिच्या बोटांत ते राहीनात. पानं घसरून मांडीवर पडायची, मांडीवरून जमिनीवर. मी वाकून उचलायचो. चौथ्यांदा वाकलो तेव्हा ती म्हणाली की आता बस, मले पाहू नोको तसा. मी कसा बघत होतो ते मला माहीत नाही. पत्ते पेटीत गेले. बाहेर त्या दिवशी उन्हं होती, भाताच्या गिरणीकडून उसन्या म्हणजे उकड्या तांदळाचा वाफाळलेला वास येत होता, आणि खोलीत आम्ही दोघं भावंडं खिडकीबाहेर बघत बसलो होतो.

दसऱ्याला आमची मुलगी ऋचा नागपूरहून आली. तिथं ती नोकरी करते. येताना तिनं पाठीवरच्या पिशवीतून हा खेळ आणला. वहीएवढा पडदा, दोन्ही बाजूंना बोटभर लांबीच्या दोन बटणपट्ट्या. त्या काढून एकेकानं हातात धरता येतात. पडदा टेबलावर टेकवून ठेवायचा आणि समोरासमोर न बसता शेजारी बसून खेळायचं. आत जगभरचे जुने खेळ भरलेले. बुद्धिबळ, सोंगट्या, पत्ते, ठिपक्यांच्या फरश्या, आणि कितीतरी असे की ज्यांची नावंही आम्हाला माहीत नव्हती. ऋचाला मराठी समजतं सगळं, पण बोलताना हिंदीच येतं तिच्या तोंडी. तिनं एक पट्टी आत्याच्या उजव्या हातात दिली, वरून स्वतःची बोटं दाबून धरली आणि म्हणाली, “आत्या, ये तुम्हारा, ये पापा का. इसमें कुछ गिरेगा नहीं, देखो.”

काहीच पडणार नाही. मला वाटतं, त्या एका वाक्यासाठी ताईनं ती पट्टी हातात ठेवली.

फाशांचे खेळ तिनं आल्याआल्या बाद केले. फासा मशीन टाकतं, तो खरंच कसा पडला ते कोणी पाहिलं, हा तिचा मुद्दा. मी हिशेबातला माणूस, मला तो पटला. पत्त्यांत मजा नव्हती, कारण पानांना आवाज नव्हता. मग ऋचा एकेक खेळ पुढं सरकवत गेली आणि एका पाटीवर ताईचा डावा हात अचानक वर आला. थांब म्हणून. पडद्यावर चौकोनात चौकोन, त्यात चौकोन, आणि मधल्या बाजू जोडणाऱ्या चार रेषा. खाली कुठलंसं परदेशी नाव.

“हे तं आपली नवकंकरी होय,” ताई म्हणाली. “वसंता, पाय ना. लामत्याची.”

लामत्याला आमचे वडील नोकरीनिमित्त चार वर्षं होते. भाड्याच्या घराच्या ओट्यावर आम्ही कोळशानं ही पाटी आखायचो. आई रोज सकाळी ओटा धुवायची, आम्ही रोज दुपारी पुन्हा आखायचो. ताईचे नऊ चिंचोके, माझे नऊ मक्याचे दाणे. एकेक करून मांडायचे, मग रेषेवरून सरकवायचे. तीन एका ओळीत आले की समोरच्याचा एक उचलायचा. ज्याच्याकडं दोनच उरतील तो हरला. माझे दाणे कधीकधी कोंबडी खायची आणि ताई म्हणायची, कोंबडीनं खाल्लं ते परत नाही.

आणि एक रीत होती, ती कोणी लावली ठाऊक नाही. नवा हिशेब मांडला की त्यातला पहिला डाव देवाचा. खेळायचा मनापासूनच, पण मोजायचा नाही. जिंकला त्यानं फुशारकी मारायची नाही, हरला त्यानं रडायचं नाही. खरा हिशेब दुसऱ्या डावापासून. पत्त्यांनाही तेच, गोट्यांनाही तेच. आमच्या घरात ही गोष्ट इतकी मुरलेली आहे की लग्नानंतर वंदनाशी पहिल्यांदा रमी खेळलो, ती जिंकली आणि मी तिचे गुण लिहिलेच नाहीत, तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

तर दसऱ्याच्या त्या दुपारी, आपट्याची पानं टेबलावर पडलेली असताना, आम्ही पहिला डाव खेळलो. ताईनं सवयीनं म्हटलं, पहिला देवाचा. मीही हौ म्हटलं. तिचा अंगठा बटणावर थरथरत होता. सोंगटी न्यायची एका कोपऱ्यात, जायची दुसऱ्याच. मी पाच-सात मिनिटांत जिंकलो. पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडाले आणि कोपऱ्यात माझ्या नावापुढं एक लिहिला गेला. देवाची रीत त्या यंत्राला कोण सांगणार? त्या वेळी कोणी तिकडं लक्षही दिलं नाही.

ऋचा चार दिवसांनी गेली. खेळ राहिला. संध्याकाळचं तेल झालं की आम्ही दोघं खुर्च्या शेजारी ओढून बसायचो. मी बहुतेक वेळा जिंकायचो, आणि ते जिंकणं फार वाईट होतं. ताईचं डोकं माझ्यापेक्षा तेज आहे, लहानपणापासून आहे. ती दोन चाली आधी माझा बेत ओळखायची, ओठांतल्या ओठांत हसायची, आणि मग नेमक्या वेळी अंगठा घसरायचा. सोंगटी नको तिथं जाऊन बसायची. यंत्र चाल परत घेऊ देत नसे. मी म्हणायचो, हा डाव सोडू, नवा लावू. ती मान हलवायची. “पडला तं पडला. वापस नाही घ्याचं.” म्हणजे मी तिला हरवत नव्हतोच. मी तिच्या अंगठ्याला हरवत होतो, आणि यंत्र ते माझ्या नावावर चढवत होतं.

अट तिनंच घातली, कोजागिरीच्या संध्याकाळी. दुधाचं पातेलं गच्चीवर नेताना तिला पायऱ्यांवर मी दंडाला धरलं. तिनं धरू दिलं. वर जाऊन बसल्यावर शांतपणे म्हणाली की तिला कटंगीला जायचं आहे. मी म्हटलं, तिथं कोण आहे तुझं, रात्री-बेरात्री पडलीस तर? तिनं माझ्याकडं बघितलं.

“वसंता, मले काचेचं भांडं समजून राह्यला का तू? माह्यं घर आहे तिथं. इथं मी पावनी आहो. पावन्यानं किती दिवस राहावं?”

मी म्हटलं, भावाच्या घरी कोणी पाहुणं नसतं. ती म्हणाली, हे वाक्य घरवालाच म्हणते, पावना नाही म्हणत. मग दूध पिऊन झाल्यावर तिनं अट सांगितली. कार्तिकाच्या पुनवेपर्यंत, मशीनमध्ये लिहिलं राहते त्याप्रमाणे. मी लगेच कबूल झालो. मी तेव्हा बराच पुढं होतो. वंदनानं माझ्याकडं अशी नजर टाकली की दुधातली साखर कमी लागली.

तो महिना आठवला की मला सगळ्यात आधी बटणांचा आवाज आठवतो. टिक, टिक. मग थांबणं. मग टिक. बाहेरून धानाच्या ट्रॉल्या खडखडत जायच्या, रस्त्यावर ओंब्या सांडायच्या आणि चिमण्यांची झुंबड उडायची. सकाळी धुकं असायचं. दिवाळीत ऋचाला सुट्टी मिळाली नाही. वंदनानं स्टुलावर बसूनच चकल्या केल्या, ताईनं डाव्या हातानं त्या डब्यात रचल्या. आणि रोज टिक, टिक. एका संध्याकाळी लक्षात आलं की पूर्ण डाव झाला आणि एकदाही तिचा अंगठा घसरला नाही. मी हरलो. स्वच्छ हरलो. ताईनं पट्टी खाली ठेवली, उजवा पंजा डोळ्यांसमोर धरला आणि त्याच्याकडं असं बघितलं जसं ती शाळेत उशिरा आलेल्या पोराकडं बघत असेल.

त्यानंतर फरक भराभर कमी होत गेला. खेळता खेळता ती कटंगीच्या गोष्टी सांगायची. पेरू आता धरला असेल आणि पोपट खात असतील. बाजाराच्या दिवशी तुमसरच्या बसनं येणारी भाजीवाली तिच्याच ओट्यावर पाणी प्यायला थांबते, ती आता कुठं थांबत असेल. शाळेतले जुने विद्यार्थी रस्त्यात पाया पडतात आणि नावं आठवत नाहीत म्हणून ती सगळ्यांनाच बेटा म्हणते. मी ऐकत असायचो आणि पुढची चाल शोधत असायचो. एखाद्या दिवशी ऑफिसातून इतका थकून यायचो की मनात यायचं, हरावं आणि सुटावं. लगेच दुसरा विचार यायचा की तिच्या घरी न्हाणीघरात धरायला साधी कडीही नाही. मला तिला ठेवून घ्यायचं होतं ते तिच्यासाठी का माझ्या मनाच्या शांतीसाठी, आणि सोडायचं होतं ते तिच्यासाठी का माझ्या दमलेल्या पाठीसाठी, हा हिशेब मला तेव्हा जमला नाही आणि आजही जमत नाही. वंदनाला मात्र माझ्या चेहऱ्यावरून कळायचं. एकदा ताटं घेता घेता ती म्हणाली, “तुमाले जिंकाचं आहे का हाराचं, ते तरी ठरवा. ताईंनी केव्हाचं ठरवलं.”

मी म्हटलं, मी नीट खेळतो आहे. ती म्हणाली, नीट खेळणारा माणूस दर चालीला उसासा टाकत नाही.

मग आली ती पौर्णिमा. रामपायलीच्या जत्रेला जाणाऱ्या गाड्या सकाळपासून रस्त्यानं चालल्या होत्या. वंदनानं पहाटे तुळशीपाशी दिवे लावले होते, त्यांच्या तेलाचे डाग अंगणात होते. त्या संध्याकाळी शेवटचा म्हणून जो डाव झाला तो मी जिंकलो, आणि पडद्यावर एकवीस-वीस उमटले. कागदाचे तुकडे उडत राहिले. वंदनाचा हात मेथीच्या जुडीत थांबला.

ताईनं पट्टी टेबलावर ठेवली. “बरं,” ती म्हणाली. “राहीन मी. फक्त तो चेंडू मले परत देऊ नोको.” आणि खुर्चीच्या हाताला धरून उठू लागली.

त्या क्षणी मला काही मोठं सुचलं नाही. मी दिवसभर लोकांच्या बेरजा तपासतो. चुकीची बेरीज डोळ्यांसमोर आली की मला ती ओलांडून पुढं जाता येत नाही, एवढंच. ताईला ते आठवत नव्हतं असं नाही. तिचं तोंड बघून मला कळलं की तिला चांगलं आठवत होतं. पण मशीनप्रमाणे ही अट तिनंच घातली होती, आणि मागून घेणं तिच्या स्वभावात नाही.

“ताई, बस,” मी म्हटलं. “एकवीस नाहीत माझे. पहिला देवाचा होता.”

ती उभीच राहिली. “मशीनमध्ये एकवीस आहेत.”

“मशीन लामत्याले नव्हतं.”

वंदनानं मेथी बाजूला ठेवली. वीस-वीस, तिनं मोठ्यानं सांगितलं, जसं काही आम्हाला येत नव्हतं. मग खुर्ची ओढून आमच्या शेजारी येऊन बसली.

तो निकालाचा डाव मला चालीचाल आठवतो. माझी मांडणी उत्तम होती. मी एकामागून एक तिच्या सोंगट्या उचलत गेलो, तिच्याकडं तीनच उरल्या. लामत्याला असं झालं की डाव संपल्यातच जमा असायचा. पण या यंत्राच्या नियमात, ज्याच्याकडं तीनच उरतात त्याला रेषा धरून सरकावं लागत नाही. त्याला कुठूनही कुठंही उडी घेता येते. ताई आधी या नियमाला नावं ठेवायची, हा कोणता न्याय म्हणायची. त्या संध्याकाळी तिनं नावं ठेवली नाहीत. टिक, थांबणं, टिक. तिची सोंगटी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. मी वाट अडवायला जायचो तोवर ती तिसरीकडं. अंगठा थरथरत होता, पण बटण जिथं दाबायचं तिथंच दाबलं जात होतं. माझ्या नऊमधल्या एकेक करत गेल्या. शेवटी माझ्या दोन उरल्या.

मी डाव मुद्दाम सोडला नाही. हे मी इथं स्पष्ट लिहितो, कारण वंदनाला ते अजून पटलेलं नाही. ताईला पटलं आहे, तेवढं पुरे. डाव संपल्यावर ती फक्त म्हणाली, “आता माह्यी पेटी काढून दे माळ्यावरून.” आणि कागदाचे तुकडे उडत असताना आम्ही तिघंही पडद्याकडं बघत बसलो. कोणी हसलं नाही. फार थकलो होतो.

कटंगीला ती आता वर्षभर राहते आहे. न्हाणीघरात कडी मी बसवून घेतली आहे. दर रविवारी जातो. कधी तिचं बरं असतं, कधी हात पुन्हा जड झालेला असतो आणि ती पदराखाली लपवते. तिला फोन उचलायला वेळ लागला की मी लगेच शेजारणीला लावतो. घरी संध्याकाळी तेलाचा वास येत नाही. वंदना म्हणते, आराम झाला. ते खरं आहे. तरी पहिले काही दिवस मी दोन खुर्च्या शेजारी ओढायचो आणि मग एक परत भिंतीला लावायचो.

मागच्या वर्षी त्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. वारासिवनीवरून जाणारी बस होती, निम्मी भरलेली, टपावर कोणाचीतरी पोती. ताई खिडकीशी बसली. धुकं उठत होतं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापलेल्या धानाचे भारे ओळीनं पडले होते. कंडक्टर आला, कुठं म्हणाला. मी खिशात हात घातला. ताईनं डाव्या हातानं माझं मनगट दाबून धरलं आणि कंडक्टरला म्हणाली, “दो कटंगी.” मग माझ्याकडं वळून, “येताचं तुह्यं तू देजो.”

कमरेची पिशवी तिनं मांडीवर घेतली. आधी नोट निघाली. मग सुट्टे. एकेक नाणं अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून ती बाहेर काढत होती, बस खड्ड्यांतून उसळत होती, कंडक्टर घाईत असूनही तळहात पुढं धरून उभा राहिला. मी खाली वाकण्याच्या तयारीत होतो. वाकावं लागलं नाही.

बालाघाट ते कटंगी, दोन माणसांचं पूर्ण भाडं, सुट्ट्यांसकट, कंडक्टरला मिळालं. दिलं कुसुमताईनं, उजव्या हातानं.